चार गोठे, एक खोडा : खुरांच्या निगेच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४

माळशिरस तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरच्या चार गोठ्यांनी मिळून खुरांचं काम हाती घ्यायचं आज ठरलं. गायी सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित. दोन गोठे मुक्त संचाराचे, दोन बांधीव, म्हणजे गायी जागेवर बांधून ठेवायचे. गाय लंगडायला लागली की इथं आजवर एकच रिवाज चालत आला आहे: पाय धुवायचा, मलम लावायचं, वरून चिंधी गुंडाळायची आणि सोडून द्यायचं. पट्टी दिसली की मालकाचं समाधान होतं. त्या पट्टीखाली काय चाललंय आणि गाय महिन्याभरानं कशी चालतेय, याची नोंद कुणाकडेच नसते. ती ठेवण्यासाठी ही वही.

डॉक्टरांनी दुधाच्या पावतीच्या पाठीवर पाय काढून समजावलं. एका पायाला दोन नख्या. मागच्या पायात बाहेरच्या नखीवर भार जास्त येतो, म्हणून ती जास्त वाढते. जास्त वाढली की आणखी भार घेते. त्यामुळे मागच्या पायाचं दुखणं बहुतेक वेळा बाहेरच्याच नखीत सापडतं. पुढच्या पायात उलट, तिथं आतली नखी तपासायची. नखीच्या आत हाड असतं, आणि हाड व तळवा यांच्यामध्ये चरबीची गादी. व्याल्यावर गाय खंगली की ती गादीही पातळ होते, मग प्रत्येक पावलाला हाड आतल्या जिवंत भागावर दाबतं. आमच्या भागात भरपूर दुधाच्या गायी व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पाय उचलायला लागतात, त्याचं एक कारण हे.

५ मे

खुरं तासताना गाय उभी धरून ठेवायचा खोडा अकलूजहून वेल्डिंग करून आला. दवाखान्यासमोर असतो तसाच लोखंडी पाइपांचा, पण तीन गोष्टी मुद्दाम करून घेतल्या: पोटाखालून जाणारा रुंद पट्टा, मागचा पाय उचलून अडकवायला हाताने फिरवायचा रहाट, आणि पाय टेकवायला गोणपाट गुंडाळलेला लाकडी ठोकळा. खाली चाकं, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून चारी गोठ्यांवर नेता येईल.

बैलाला नाल मारताना दोरानं आडवा पाडतात, ते गाभण, मोठ्या कासेच्या गाईला करायचं नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. पोटावर दाब येतो, कास चेंगरते, आणि गाय एकदा भ्याली की पुन्हा खोड्याजवळ फिरकत नाही.

खोडा आणि सुऱ्या चार गोठ्यांत फिरणार, म्हणजे रोगही फिरणार. नियम केला: एका गाईनंतर सुरी घासून धुवायची आणि ब्लीचच्या पाण्यात बुडवून मगच दुसऱ्या गाईला लावायची. गोठ्यात एकाच वेळी बरीच जनावरं लंगडत असतील, तोंडातून लाळ गळत असेल, तर खोडा त्या दारात न्यायचाच नाही. ते लाळ्या खुरकूत असू शकतं, तिथं आधी डॉक्टर.

९ मे

चाल तपासली. सपाट, कोरड्या जागेवर गाय एकेक करून चालवायची आणि पाठ बघायची. १ ते ५ गुण: उभी असताना आणि चालताना पाठ सरळ, तर १. उभी सरळ पण चालताना कमान, तर २. दोन्ही वेळा कमान आणि पावलं आखूड, तर ३. एक पाय वाचवून चालते, तर ४. पाय टेकतच नाही, तर ५.

चारही मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी फक्त ४ आणि ५ वाल्या गायी सांगितल्या. २ आणि ३ मधल्या कुणाच्याच लक्षात आल्या नव्हत्या, आणि खरं काम त्यांच्यातच आहे. ३ असताना पाय उचलला तर सुरीनं भागतं.

१४ मे

पहिला दिवस खोड्यावर. पद्धत नेदरलँड्सची, पाच पायऱ्यांची, जगात बऱ्याच ठिकाणी हीच शिकवतात. मागच्या पायाची आतली नखी आधी घ्यायची. केसांची कड संपते तिथून टोकापर्यंत वरच्या बाजूनं ७५ मिलिमीटर मोजायचे, पुढचं कापायचं. हे माप कमीत कमी आहे, थोराड गाईला थोडं जास्त ठेवायचं, नाहीतर टोकाचा तळवा पातळ होतो. तळव्याची जाडी ५ ते ७ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. अंगठ्यानं दाबून तळवा लवला तर सुरी तिथंच थांबवायची. आतल्या नखीची टाच शक्यतो कापायचीच नाही. मग बाहेरची नखी त्या मापाला आणायची, दोन्ही एका पातळीत. तिसरी पायरी, तळव्याचा मधला भाग, विशेषतः बाहेरच्या नखीचा, पन्हळीसारखा खोलगट करायचा, म्हणजे हाडाखालच्या नेमक्या जागेवर भार येत नाही आणि दोन नख्यांमधल्या बेचक्यातला चिखल बाहेर पडतो. इथपर्यंत सगळ्या गायींना. चौथी आणि पाचवी पायरी दुखऱ्या पायासाठी: दुखऱ्या नखीची टाच उतरवून भार दुसरीवर टाकायचा आणि सुटलेलं, पोकळ झालेलं शिंग, म्हणजे नखीचं टणक आवरण, काढायचं.

बघायला नालबंद चाचा आले होते. त्यांनी आयुष्यभर बैलांचे खूर तासले आहेत. थोडा वेळ बघून त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली, धारेवर नख फिरवलं, बाजूला बसून दगडावर लावली आणि परत दिली. त्यानंतर शिंग साबणासारखं निघायला लागलं. मी त्यांना म्हटलं, “चाचा, आठवड्यातनं एक दिवस आमच्याबरोबर या.” ते म्हणाले, “येतो की. पर ह्या गाईची नखी नरम हाय. बैलाच्या मापानं हात चालवला तर रगत निघंल.” त्यांनी एकाच नजरेत ओळखलेली ही गोष्ट आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

२२ मे

ऊन टोकाला पोचलंय. गायी दुपारभर उभ्या. उभ्या गाईच्या अंगाला सगळीकडून वारा लागतो, म्हणून उकाड्यात ती बसत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हे मोजलेलं आहे: थंड दिवसांपेक्षा कडक उन्हाच्या दिवसांत गायी दिवसाला सुमारे तीन तास कमी बसल्या. तिथला उन्हाळा आपल्या मानानं सौम्यच.

गाईनं दिवसात दहा-बारा तास तरी बसायला हवं. उभं राहण्याचा तो जादा भार आत्ता दिसत नाही. खुराचं शिंग महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं, म्हणून आज आत झालेली इजा तळव्यावर उमटायला दोन महिने लागतात. मे महिन्याचं दुखणं जुलैच्या शेवटी दिसणार, आणि तेव्हा सगळे पावसाला दोष देणार. वहीत तारीख टाकून ठेवतो.

बांधीव गोठ्यांपैकी एकात कोबा फार खरखरीत आहे. तिथं उसाचं पाचट जाड अंथरायला सांगितलं. मुक्त गोठ्यात सावलीची जागा वाढवली, जुन्या शेडनेटचा तुकडा दक्षिणेच्या बाजूला. पंखा लावायचा तर गव्हाणीवर न लावता बसायच्या जागेवर लावायचा, म्हणजे गाय वाऱ्यासाठी उभी राहायची नाही.

११ जून

पाऊस लागला. मुक्त गोठ्याच्या पाण्याच्या हौदाभोवती गुडघाभर चिखल. ‘राणी’ सकाळी अचानक तीन पायांवर. खुराच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा सुजलेला, गरम, अंगात ताप. बेचक्यात चीर आणि सडका वास. चिखलात भिजून नरम पडलेल्या कातडीला खडा लागला की जंतू आत शिरतात. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन सुरू केलं. आमचं काम एवढंच होतं: पाय उचलून बेचक्यात खडा किंवा काटा अडकलाय का ते बघणं, धुणं, कोरडं करणं. पट्टी नाही. या दुखण्यात सूज कातडीखाली असते, वर काही बांधून तिथवर पोचत नाही, उलट दोन नख्या एकमेकींवर आवळल्या जातात.

लवकर हात घातला तर हे दुखणं झपाट्यानं उतरतं. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर आजार सांध्यात गेला असावा असं समजायचं. राणी तिसऱ्या दिवशी चारही पाय टेकून वैरणीला आली.

हौदाभोवती मुरूम टाकला. तो खुरासाठी सर्वांत चांगला खर्च आहे, औषधाच्या आधी.

२७ जून

पट्टी बांधावी असा पहिला पाय. दुसऱ्या बांधीव गोठ्यातली ‘गौरी’, मागचा डावा पाय, टाचांच्या मधोमध मागच्या बाजूला रुपयाएवढी लालभडक, ओलसर जागा, कडेचे केस उभे. हात लावला की पाय झटकते. हा खुरालगतच्या कातडीचा संसर्ग. इटलीत १९७४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, आता दुधाच्या गायी असतील तिथं सगळीकडे आहे. बाहेरून गाभण कालवड आणली की तिच्याबरोबर येतो. गौरीच्या गोठ्यात मार्चमध्ये दोन कालवडी बाजारातून आल्या होत्या.

केलं ते असं: साध्या पाण्यानं धुतलं, कागदी रुमालानं पूर्ण कोरडं केलं, डॉक्टरांनी दिलेली ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड गॉजवर घेऊन थेट जखमेवर, त्यावर कापूस, वरून चिकटपट्टीचा बँडेज. बेचक्यातून एक वेढा आणि खुरावरून वेढे, असं बांधलं की सरकत नाही. वर घोट्यापर्यंत चढवायचं नाही आणि आवळायचं नाही. कापूस नसताना बांधलेल्या पट्टीची कड ओली झाली की दोरीसारखी कापते.

पट्टीवरच मार्करनं तारीख लिहिली, आणि काढायची तारीख गोठ्याच्या फळीवर: ३० जून. या दुखण्यात पट्टीचं काम औषध जागेवर धरून ठेवण्याचं, ते दोन-तीन दिवसांत संपतं. त्यानंतर ती पट्टी म्हणजे शेण-मुताची पोटीस.

गौरीच्या मालकीणबाईंना हे पटलं नाही. “तीन दिवसांत काढायची तर बांधायची कशाला?” असं काकू दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, तुम्ही स्वतः काढा आणि बघा.”

३० जून

काकूंनी पट्टी काढली. जागा कोरडी, तपकिरी, खपली धरतेय. बोट लावलं तरी गाय पाय ओढत नाही. हे दुखणं दबतं पण पूर्ण जात नाही, पुन्हा उलटतं. म्हणून गौरीला दर धुलाईला पाठीमागून बघायचं.

१३ जुलै

माउलींची पालखी तालुक्यात. रस्ते वारकऱ्यांनी भरलेले, ट्रॅक्टर बाहेर काढायचा प्रश्नच नाही. नालबंद चाचा गाड्यांच्या बैलांना पत्र्या (नाल) मारण्यात गुंतलेत, डांबरावरून इतके दिवस चालणाऱ्या बैलाला त्याच तारतात. या आठवड्यात खोडा बंद, फक्त चाल तपासली. ३ गुणांच्या गायी वाढल्यात.

२३ जुलै

२२ मेची नोंद आज उघडली.

‘चांदी’, पहिल्या मुक्त गोठ्यातली, व्याल्याला तिसरा महिना, वीस लिटरच्या पुढची गाय. मागचा उजवा पाय, गुण ४. खोड्यात घेतली. बाहेरच्या नखीचा तळवा वरून धडधाकट दिसत होता. पातळ थर काढला तेव्हा टाचेच्या थोडं पुढं, आतल्या कडेला, रक्त साकळलेला डाग. आणखी थर काढला आणि शिंग उघडलं: शेंगदाण्याएवढं छिद्र, त्यातून लाल जिवंत भाग वर आलेला. तळव्याचा व्रण. जागा इतकी ठरलेली असते की स्वित्झर्लंडच्या रुस्टरहोल्झनं १९२० मध्ये तिचं वर्णन केलं आणि आजही व्रण नेमका तिथंच सापडतो. आत बरोबर त्याच्या वर हाडाचा उंचवटा आहे.

हा पाय बघून जमलेल्या प्रत्येकाचा हात पट्टीकडे गेला. एकानं मोरचूद आणलं, भरून बांधा म्हणाला. दोन्हीला नकार दिला. मोरचूद जिवंत भाग जाळतं. तो भाग नवं शिंग तयार करणारा आहे, तोच जाळला तर छिद्र भरणार कोण? आणि पट्टी बांधून भार कमी होत नाही. चांदी त्या पट्टीवर उभी राहणार, हाड तिथंच दाबणार. हा व्रण बाहेरून झालेली जखम नव्हेच. तो आतून, वजनानं झालाय. वजन उचललं तरच भरेल.

म्हणून क्रम असा: व्रणाभोवतीचं सुटलेलं, पोकळ शिंग काढलं आणि कडा उतरत्या केल्या. जिवंत भागाला सुरी लावली नाही, रक्त काढलं नाही. दुखऱ्या नखीची टाच उतरवली. मग आतली नखी तपासली, चिमट्यानं दाबून पाहिली. तिच्यात दुखणं असतं तर दुखरी नखी अधांतरी ठेवायला तिच्याखाली ठोकळा लावता आला नसता. ती ठणठणीत होती. तिचा तळवा सपाट केला, कानशीनं खरबरीत केला, ब्रशनं धूळ काढली, गरम हवेच्या गननं सुकवला. ओलसर खुरावर डिंक धरत नाही. पुण्याहून मागवलेल्या दोन भागांच्या डिंकाचा थर ठोकळ्यावर दिला आणि लाकडी ठोकळा बसवला, साधारण १२ सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. बसवताना तीन गोष्टी बघितल्या. ठोकळ्याची मागची कड टाचेला आधार देते का, कारण पुढं सरकलेला ठोकळा गाईला मागं झुकवतो. तळ पायाच्या रेषेला काटकोनात आहे का. आणि डिंक बेचक्यात किंवा टाचेच्या मऊ भागावर उतरलाय का. तिथं तो वाळून दगड होतो आणि नवी जखम करतो. घट्ट होईपर्यंत पाय धरून ठेवला. पावसाळी हवेत सांगितल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाय खाली सोडला. बाहेरची नखी जमिनीपासून अधांतरी. चांदी क्षणभर थबकली आणि चारही पाय टेकून खोड्यातून बाहेर आली. मालक काहीच बोलले नाहीत. जाऊन तिच्यापुढं पेंड टाकली.

डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुकत्याच लंगडायला लागलेल्या गायी घेतल्या होत्या. नुसती खूरछाटणी केलेल्यांपेक्षा छाटणी, ठोकळा आणि वेदनाशामक तिन्ही मिळालेल्या गायी जास्त प्रमाणात बऱ्या झाल्या. त्या चाचणीतलं वेदनाशामक होतं कीटोप्रोफेन. आपल्याकडे गिधाडांच्या जिवावर उठतं म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झालं, कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. मेडिकलमध्ये अजूनही कुणी जुनी बाटली पुढं केली तर परत करावी. मेलेलं जनावर माळावर टाकणाऱ्या आपल्या भागात तर याला फार अर्थ आहे. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते बाटलीवर बघून फळीवर लिहिलं.

२७ जुलै

चांदी बसते, उठते, रवंथ करते. गुण २. वैरण पूर्ण खाते. कोरड्या जागेत वेगळी ठेवली आहे, गव्हाण आणि पाणी दोन्ही जवळ.

६ ऑगस्ट

आज वस्तीबाहेरच्या एका गोठ्यावरून बोलावणं आलं. नोंद सविस्तर लिहितोय, कारण वाचताना त्रास झाला तरी ती वाचली गेली पाहिजे.

गाय पाचव्या गुणावर. मागच्या पायाला घोट्याच्या वरपर्यंत गुंडाळलेली सुती पट्टी, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दोरी. कधी बांधली ते कुणाला आठवत नव्हतं, पाऊस सुरू व्हायच्या सुमाराची असावी. कापून काढली. कातडी पांढरी पडून सोलून निघाली, दोरीची खाच पायात, जखमेत किडे, बाहेरच्या नखीच्या वर एकाच बाजूला लालसर टणक सूज. एकाच बाजूची सूज म्हणजे दुखणं त्या नखीच्या सांध्यापर्यंत गेलेलं.

किडे काढायला टर्पेंटाइनचा बोळा लावला, मग चिमट्यानं एकेक वेचले. म्हातारे आबा सीताफळाचा पाला वाटून घेऊन आले. तोही उपाय खरा आहे, जखमेतले किडे बाहेर काढायला पहिल्या दिवशी वापरतात. पण सांध्यातला पू त्यानं निघणार नव्हता. डॉक्टरांनी सळई घालून बघितली, हाडाला लागली. नखी वाचवण्यासारखी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती नखी काढली. पायाला रबरी नळी आवळून, नसेत लिग्नोकेन देऊन पाय बधिर केला आणि तारेच्या करवतीनं वरच्या बाजूनं तिरपी कापली. इथं मात्र पट्टी हवीच: निर्जंतुक गॉज, भरपूर कापूस, वर घट्ट दाबपट्टी, रक्त थांबवण्यासाठी. तिसऱ्या दिवशी बदलायची, प्रत्येक वेळी नवी आणि कोरडी. वरून काही दिवस जाड पिशवी चालेल, पण ती फक्त गाय ओल्यातून जाताना. गोठ्यात आल्यावर काढायची. एका नखीवर गाय चालू शकते, एखाद-दोन वेतं देऊही शकते, पण ती नखी जपावी लागते.

त्या मालकांनी गाईला टाकून दिलं नव्हतं. पट्टी त्यांनीच, मायेनं, कुणीतरी सांगितलं तशी बांधली होती. काढायची कधी हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. परतताना डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधणाऱ्यानं काढायची तारीख सांगितल्याशिवाय दारातून बाहेर पडू नये. आमच्या वहीत आता पट्टीच्या रकान्यालगत ‘काढली’ असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय त्या गाईचं पान बंद होत नाही.

२० ऑगस्ट

चांदीचा ठोकळा काढला. चार आठवडे पुरे. विसरला तर आतल्या नखीची वाट लागते, ठोकळ्याखालची टाच दबत राहते. व्रणावर पिवळसर नवं शिंग आलंय, कडेपासून मधोमध, अजून पातळ. बाहेरची नखी पुन्हा थोडी उतरवली. गुण १, कोब्यावर कधी २. दूध पूर्वीइतकं नाही, पण त्याच्या जवळ. एकदा व्रण झालेली नखी पुढच्या वेतात पुन्हा धोक्याची असते, तिच्या पानावर लाल खूण केली.

मागवलेले ठोकळे महाग पडतात म्हणून सुताराकडून बाभळीचे करून घेतले, ट्रॉलीच्या फळ्या कापून उरलेल्या तुकड्यांतून. बाभूळ झिजत नाही, हाच इथं अडथळा. ठोकळा हळूहळू झिजून उंची कमी व्हावी लागते. कडुनिंबाचे जास्त बरे ठरतायत. डिंकाच्या बाजूला करवतीच्या आडव्या चरा पाडल्या की धरून राहतात. चाचांनी बैलाच्या पत्रीसारखा ठोकळा खिळ्यांनी बसवून बघू का म्हणून विचारलं, आणि चांदीच्या नखीची भिंत बोटांनी चाचपून स्वतःच नको म्हणाले. पातळ आहे, खिळा जिवंत भागात जाईल.

२ सप्टेंबर

पोळा. बैल फार उरले नाहीत वस्तीवर, पण जे आहेत त्यांचे खूर चाचांनी सकाळपासून घासून, तेल लावून चमकवले. संध्याकाळी चांदीच्या मालकांनी तिच्याही शिंगांना रंग दिला. खोड्याचं काम नाही.

१८ सप्टेंबर

परतीचा पाऊस जोरात. दुसऱ्या बांधीव गोठ्यात गौरीसारख्या आणखी गायी सापडल्या, म्हणून धारेच्या वाटेवर पायधुणीचा हौद बांधला. लांबी ३ मीटरच्या वर, म्हणजे प्रत्येक मागचा पाय दोनदा तरी बुडतो. रुंदी ६० सेंटिमीटर, पाणी १० सेंटिमीटर खोल. १०० लिटरला ५ किलो मोरचूद. आधी पाय साध्या पाण्यानं धुवायचे, हौदात शेण पडलं की मोरचूद निकामी होतं. हौद उघड्या व्रणावर औषध नाही, ठोकळा लावलेल्या गायी त्यातून न्यायच्या नाहीत. हौदामुळे नवे पाय बिघडायचे थांबतात, बिघडलेला पाय उचलावाच लागतो.

एक सक्त सूचना सगळ्या मालकांना दिली: हौदाचं पाणी ओढ्यात किंवा चाऱ्याच्या रानात सोडायचं नाही. दिवाळीनंतर इथल्या रानांत मेंढरं बसतात, आणि तांबं मेंढराला गाईपेक्षा फार लवकर बाधतं. पाणी शेणखतात मिसळून मोठ्या रानावर पांगवायचं.

८ ऑक्टोबर

चारही गोठ्यांची चाल पुन्हा तपासली. ४ आणि ५ गुणावर सध्या कुणी नाही. ३ वर अजून आहेत, बहुतेक खरखरीत कोब्याच्या गोठ्यातल्या. तिथं रबरी चटया घ्यायचं मालकांनी कबूल केलंय, ऊसबिल आलं की.

खाण्याकडेही आता बघावं लागेल. व्याल्याबरोबर पेंड एकदम वाढवायची सवय इथं सगळ्यांना आहे, त्यानं पोट आंबतं आणि खुराला रक्त पोचवणाऱ्या बारीक नसांनाही त्याचा फटका बसतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वैरण म्हणून नुसतं उसाचं वाढं (शेंडे) पडतं, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, कमतरता होते. डॉक्टरांनी पेंड दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवायला सांगितलंय. दिवसाला २० मिलिग्रॅम बायोटिन आणि जस्त असलेलं खनिज मिश्रण चांदी आणि लाल खुणेच्या गायींना सुरू केलं. त्याचा फरक दिसायला सहा महिने तरी जातील, शिंग वाढायच्या वेगानंच.

पुढचं वेळापत्रक ठरलं. प्रत्येक गाईची खूरछाटणी आटवताना एकदा आणि व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा. व्यायच्या तोंडावरची गाय खोड्यात घ्यायची नाही. कालवडींचे पाय पहिल्या वेताआधी बघायचे. पट्टीचं सामान एका डब्यात, कुलूप डॉक्टरांकडे. ठोकळे आणि डिंक चांदीच्या मालकांकडे, कारण त्यांचा गोठा मधोमध आहे. चाचांचा धाकटा मुलगा मंगळवारपासून येतोय, त्याच्यासाठी डाव्या हाताची सुरी मागवायची आहे.